नाव सुटलेली काच

आमच्या घरातल्या शोकेसमध्ये वरच्या फळीवर एक फुलदाणी असे. वीतभर उंच, तळाशी जड, आत गडद निळा रंग आणि त्यावर बोटभर जाडीचा पारदर्शक थर. तोंड एका बाजूला ओढून पिळल्यासारखे. थोरले काका मालवाहू जहाजावर नोकरीला होते. त्यांनी ती १९६४ साली कोबे बंदरातून आणली. तिच्या पोटावर नखाएवढे चंदेरी लेबल होते. मी नऊ-दहा वर्षांचा असताना दिवाळीच्या साफसफाईत ती धुवायचे काम माझ्याकडे आले. ते लेबल मला मळासारखे वाटले. कोमट पाण्यात भिजवून, नखाने खरवडून मी ते काढून टाकले आणि किती लख्ख झाली म्हणून आईला दाखवायला घेऊन गेलो. आईने शाबासकीही दिली.

चाळीसेक वर्षांनी तीच फुलदाणी मी मुंबईतल्या एका जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला दाखवली. त्याने ती उलटी केली, तळावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, “मुरानो. इटलीचा माल आहे, साहेब.” ही कोबेहून आणलेली आहे, असे मी सांगितले. त्यावर तो हसला. “जहाजावरच्या माणसाचे काय, कुठूनही घेतली असेल. जपानी म्हणून सांगाल तर कोणी विचारणार नाही, मुरानो म्हणा.”

त्याच्या त्या वाक्यात या सगळ्या विषयाचे मर्म आहे, हे मला तेव्हा कळले नाही. जुनी जपानी फुंकून घडवलेली काच जमवणाऱ्यांना जो प्रश्न सतत पडतो, तो सौंदर्याचा किंवा किमतीचा नंतर, आधी ओळखीचा. विसाव्या शतकात जपानमधून प्रचंड प्रमाणावर काच बाहेर गेली. तिच्यावरची लेबले सुटली, आणि लेबल सुटताच तिला दुसऱ्याच देशाचे नाव चिकटले. तिचे मूळ नाव परत कसे शोधायचे, ते कुठवर सापडते आणि कुठे थांबते, हे या लेखात सांगायचे आहे.

आधी लेबलाविषयी. अमेरिकेने १८९० साली केलेल्या जकात कायद्याने परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालणे बंधनकारक केले. जपानी मालावर सुरुवातीला ‘निप्पॉन’ असे नाव येई. १९२१ पासून ‘जपान’ हे इंग्रजी नावच हवे असा आग्रह झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर, अमेरिकी ताब्याच्या १९४५ ते १९५२ या काळात, बऱ्याच मालावर ‘ऑक्युपाइड जपान’ अशी अक्षरे दिसतात. चिनीमातीच्या संग्राहकांना या तीन नावांवरून कालखंड ठरवता येतो, कारण चिनीमातीवर शिक्का मारून तो भाजता येतो आणि मग तो भांड्याबरोबरच राहतो. काचेला ही सोय नाही. फुंकलेल्या काचेवर कायमची खूण करायची तर ती थंड झाल्यावर आम्लाने कोरावी लागते किंवा चाकावर खोदावी लागते. म्हणजे एक जादा माणूस, जादा वेळ आणि मोडतोडीचा जादा धोका. त्यापेक्षा डिंक लावून चांदीच्या वर्खासारखा कागद चिकटवला की कायद्याचे समाधान होते. असे लेबल घरी आल्यावर गिऱ्हाईक पहिल्यांदा काय करते? ते काढून टाकते. मी एकटाच गुन्हेगार नाही, एवढाच माझा दिलासा.

पण प्रश्न फक्त कागदाचा नाही. जपानमध्ये काच ही कला म्हणून फार उशिरा मान्य झाली. मातीची भांडी, लाखकाम, तलवारी यांना घराणी होती, शिष्यपरंपरा होती, सही होती. काच सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली आणि ‘बिदोरो’ हे तिचे नावही पोर्तुगीज ‘विद्रो’वरून आले. पुढे डच व्यापाऱ्यांच्या भाषेतल्या हिऱ्याच्या शब्दावरून ‘गियामान’ हे दुसरे नाव रुळले. दोन्ही नावे परकीय. नागासाकीत आणि मग इतरत्र कारागीर काच फुंकू लागले, त्यांतून केसात खोचायचे आकडे झाले, पेले झाले, खेळणी झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस उतामारोने केलेल्या एका प्रसिद्ध ठशाच्या चित्रात एक तरुणी अशीच काचेची पिपाणी फुंकताना दिसते. या पिपाणीचा तळ कागदासारखा पातळ असतो. नळीतून हलकेच फुंकले की तो बाहेर येतो, श्वास ओढला की आत जातो आणि पॉक् असा आवाज होतो. जोरात फुंकले तर फुटतो. उतामारोचे नाव जगाला माहीत आहे. तो तळ इतका पातळ फुंकणाऱ्याचे नाव कोणालाच माहीत नाही.

एक अपवाद सरदारी थाटाचा होता. दक्षिणेतल्या सात्सुमा संस्थानात १८४६ पासून काचेचा कारखाना होता आणि शिमाझु नारिआकिरा या सरदाराने त्याला मोठा आश्रय दिला. रंगीत थर चढवून तो तिरका कापत नेला की गडद रंग हळूहळू फिका होत पारदर्शकात विरतो. सात्सुमा किरिको म्हणतात ती काच हीच. १८५८ मध्ये नारिआकिरा वारला, १८६३ मध्ये इंग्रजी आरमाराने कागोशिमावर तोफा डागल्या, कारखाना नष्ट झाला आणि काही वर्षांत ही कला बंद पडली. ती पुन्हा सुरू झाली थेट १९८५ मध्ये. मूळच्या वस्तू आज बहुतेक संग्रहालयांत आहेत, टोकियोच्या सन्तोरी कलासंग्रहालयात त्या चांगल्या पाहायला मिळतात. सामान्य संग्राहकाच्या हाती त्या लागत नाहीत, तेव्हा त्यांच्याविषयी इतकेच पुरे.

माझ्या मते खरी गंमत पुढच्या काळात आहे. १८७३ मध्ये टोकियोजवळच्या शिनागावाला पाश्चात्त्य पद्धतीचा काच कारखाना निघाला आणि १८७६ मध्ये तो सरकारने घेतला. इंग्लंडहून कारागीर बोलावले गेले. खिडक्यांची सपाट काच करणे हा मूळ हेतू होता, तो काही साधला नाही. पण तिथे शिकलेली माणसे बाहेर पडून ठिकठिकाणी भट्ट्या लावू लागली. दिव्याच्या चिमण्या, औषधांच्या बाटल्या, पेले अशा रोजच्या वस्तू फुंकल्या जाऊ लागल्या. त्यांतली सर्वांत देखणी वस्तू म्हणजे बर्फाचा पेला.

याला जपानीत ‘कोरी कोप्पु’ म्हणतात. मराठी कानाला ‘कोरी’ म्हणजे रिकामी. जपानीत ‘कोरी’ म्हणजे बर्फ. आपल्याकडे गोळेवाला बर्फ किसून त्यावर काला खट्टा ओततो, तसाच जपानी उन्हाळ्यात किसलेला बर्फ पाक ओतून खातात. तो देण्यासाठी दुकानदार पायाचा, वर पसरट तोंडाचा काचेचा पेला वापरत. मेइजी काळाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागेपर्यंत असे पेले हजारोंनी फुंकले गेले. दुकानात वापरायची स्वस्त चीज, रोज धुतली जाणारी, रोज फुटणारी. तरी तिच्यावर केलेली करामत पाहा.

यांतल्या एका प्रकाराला ‘आबुरिदाशि’ म्हणतात. लहानपणी आपण लिंबाच्या रसाने कागदावर अदृश्य अक्षरे लिहून ती दिव्यावर धरून उमटवत असू. जपानी मुलेही हेच करतात आणि त्या खेळाचे नावही आबुरिदाशि, म्हणजे शेकून बाहेर काढणे. पेल्यातही तेच घडते. काचेच्या मिश्रणात हाडांची राख किंवा तत्सम द्रव्य घातले की ती काच तापल्यावर पारदर्शक असते, पण थोडी निवून पुन्हा तापली की दुधाळ होते. कारागीर फुंकनळीवरचा काचेचा फुगा नक्षीच्या साच्यात फुगवतो. नक्षीचा जो भाग साच्याच्या धातूला टेकतो तो लगेच निवतो; जो टेकत नाही तो गरमच राहतो. मग फुगा परत भट्टीच्या तोंडाशी धरला की निवलेला भाग तेवढा पांढरा होत जातो आणि चौकडी, ठिपके, फुले, लाटा काचेच्या अंगातूनच उमटतात. रंग नाही, ब्रश नाही. काही क्षण जास्त शेकले तर पांढरा रंग पसरून नक्षी बुजते. कमी शेकले तर ती फिकी राहते. ही नेमकी वेळ घड्याळाने ठरत नसे. ज्याच्या हातात नळी असे, त्याच्या नजरेने ठरे.

असे दोन पेले शेजारी ठेवून पाहावेत. साचा एकच, पण एकाची चौकडी दाट, दुसऱ्याची किंचित वितळलेली. एकाचा पाय सरळ, दुसरा जरा कललेला. पेला उलटा केला की पायाच्या खाली बऱ्याचदा एक खरबरीत व्रण लागतो. फुंकलेल्या वस्तूचे तोंड घडवायचे तर ती फुंकनळीवरून सोडवावी लागते आणि मग धरायला काहीतरी हवे, म्हणून तळाला वितळलेल्या काचेच्या थेंबाने एक भरीव सळई चिकटवतात. तिला कारागीर पोंटिल म्हणतात. काम झाले की ती टोला देऊन तोडतात; तिथे व्रण राहतो. महाग मालात तो घासून गुळगुळीत करतात, तेव्हा तळाला उथळ वाटीसारखा चकचकीत खळगा दिसतो. स्वस्त मालात तसाच ठेवतात. मला हा न घासलेला व्रण अधिक बोलका वाटतो. आजकाल या पेल्यांच्या नव्या प्रतिकृतीही होतात, आणि विकणारा प्रत्येक जण त्यांना नव्या म्हणतोच असे नाही.

या निनावी कामाच्या शेजारीच सहीची काच जन्माला आली. इवाता तोशिचि (१८९३–१९८०) याने टोकियोच्या कलाशाळेत धातुकाम आणि चित्रकला शिकून १९३१ मध्ये स्वतःचा काच कारखाना काढला आणि काच प्रदर्शनाच्या दालनात नेली. कागामि कोझो जर्मनीत श्टुटगार्टला कोरीवकाम शिकून आला. १९३४ मध्ये त्याने स्फटिककाचेचा कारखाना काढला. इवाताच्या कारखान्यात काही काळ काम केलेला फुजिता क्योहेइ (१९२१–२००४) सर्वांत कीर्तिवंत ठरला. त्याच्या ‘काझारिबाको’, म्हणजे अलंकृत पेट्या, साच्यात फुंकलेल्या आहेत. रंगीत काचेच्या कणांबरोबर सोन्याचा आणि प्लॅटिनमचा वर्ख गरम काचेत गुंडाळला जातो आणि पृष्ठभाग मंद केला जातो, त्यामुळे पेटी लाखकामाची असल्यासारखी भासते. मात्सुशिमा येथे १९९६ पासून त्याच्या कामाचे संग्रहालय आहे. गमतीचा भाग असा, की १९७७ पासून फुजिता मुरानोला जाऊन तिथल्या कारागिरांबरोबर काम करत असे. म्हणजे मुरानोत घडलेली अस्सल जपानी काच आहे, आणि जपानात घडलेली ‘मुरानो’ काचही बाजारात आहे.

ही दुसरी काच १९५० ते १९८० च्या दरम्यानची. युद्धानंतर जपानला परकीय चलन हवे होते, अमेरिकी आणि युरोपीय मध्यमवर्गाला दिवाणखान्यात ठेवायला रंगीत काच हवी होती. मुरानोत तेव्हा एका रंगावर दुसऱ्या रंगाचा, त्यावर पारदर्शक काचेचा असे जाड थर चढवण्याची पद्धत जोरात होती. जपानी भट्ट्यांनी ती उचलली. जाड बाजू, ओढलेली टोके, पिळलेली अंगे, आत कैद केलेले बुडबुडे, काचेचे मासे आणि पक्षी. ही नक्कल होती हे लपवण्यात अर्थ नाही. पण नक्कल करता करता हात आपल्या वळणावर जातोच. ‘इवात्सु हिनेरी’ या लेबलाखाली मिळणाऱ्या वस्तू पाहा. ‘हिनेरी’ म्हणजेच पीळ, आणि त्या वस्तूंतला पीळ उधारीचा वाटत नाही. कामेइ, कुराता अशी आणखी काही नावे शाबूत लेबलांवर सापडतात. बाकी कित्येक लेबलांवर आयात करणाऱ्या परदेशी दुकानाचेच नाव असते, भट्टीचे नसतेच.

मग लेबल नसलेल्या वस्तूचे काय करायचे? पहिला नियम, चेहऱ्यावर जाऊ नका. रंग आणि आकार सर्वांत आधी फसवतात, कारण नक्कल त्यांचीच होते. वस्तू उलटी करा. पोंटिलचा व्रण आहे का, घासलेला आहे का, किती काळजीने? तोंडाची कड बोटाने तपासा. आगीत गोलावलेली कड मऊ लागते. थंड झाल्यावर कापून घासलेली कड सपाट आणि काटकोनी लागते. अंगावर साच्याची उभी रेघ दिसली तर हाताने मोकळे घडवल्याचा दावा लगेच बाद. तळावरचे ओरखडे भिंगाखाली पाहा: वर्षानुवर्षे फळीवर सरकलेल्या वस्तूचे ओरखडे वेगवेगळ्या दिशांना जातात, मुद्दाम जुनाट दिसावे म्हणून कागदावर घासलेल्या वस्तूचे एकाच दिशेला. जांभळ्या दिव्याखाली हिरवी चमक दिसली की काही विक्रेते लगेच देश सांगतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. त्या चमकेवरून काचेत युरेनियम आहे एवढे कळते आणि युरेनियम अनेक देशांनी वापरले.

या सगळ्या तपासण्या वस्तू कशी घडली ते सांगतात. कुठे घडली ते सांगत नाहीत. त्यासाठी एकच खात्रीचा मार्ग आहे: शाबूत लेबलाच्या वस्तूशी ताळा. नुसता आकार जुळून भागत नाही. थरांचा क्रम, जाडी, तळाची घासाई, कडेचे वळण हे सगळे एकत्र जुळले पाहिजे. म्हणून या छंदात सर्वांत मोलाची वस्तू सर्वांत सुंदर असेलच असे नाही. जिच्यावर कागद टिकला आहे, अशी साधीशी फुलदाणीही दहा निनावी वस्तूंना नाव देऊन जाते. असे लेबल ओल्या फडक्याने पुसू नये, इतके तरी प्रत्येकाने पाळावे. आणि फुलदाणीत पाणी ठेवून विसरू नये. पाणी काचेतले क्षार ओढून घेते आणि आतून पांढरट धूसरपणा येतो, तो नंतर धुऊन जात नाही.

विरोधाभास असा, की याच देशातल्या सर्वांत हलक्या समजल्या गेलेल्या काचेवर नाव टिकून आहे. उत्तर जपानच्या कोळ्यांनी जाळी तरंगती ठेवायला विसाव्या शतकात काचेचे पोकळ गोळे वापरले. ओतारूच्या आसाहारा कारखान्यात आधी दिवे होत, मग हे गोळे होऊ लागले. जुन्या बाटल्यांची काच वापरल्यामुळे ते बहुतेक हिरवट. गोळा फुंकनळीवरून सोडवला की राहणारे भोक वितळलेल्या काचेच्या टिकलीने बंद करत, आणि ती गरम असतानाच तिच्यावर कारखान्याचा शिक्का दाबत. जाळी तुटली की गोळे उत्तर प्रशांत महासागराच्या प्रवाहांवर वाहत अलास्का, वॉशिंग्टन, ओरेगनच्या किनाऱ्यांना लागत. प्लॅस्टिक आल्यावर त्यांची गरज संपली. आओमोरीची होकुयो भट्टी १९४९ मध्ये हेच गोळे करायला सुरू झाली होती. १९७० च्या दशकात ती ‘त्सुगारु बिदोरो’ नावाच्या रंगीत भांड्यांकडे वळली. समुद्रात फेकायच्या वस्तूवर भट्टीची खूण आणि दिवाणखान्यात ठेवायच्या वस्तूवर सुटणारा कागद!

ही निनावी जपानी काच आपल्याकडेही आली होती. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाकडून येणाऱ्या बांगड्या थांबल्या आणि ती जागा जपानी बांगड्यांनी आणि मण्यांनी घेतली. आपल्या कित्येक पणज्यांच्या हातात त्या किणकिणल्या असतील. त्याआधीच, १९०८ मध्ये, तळेगाव दाभाडे येथे अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून स्वदेशी काच कारखाना उभा राहिला होता. त्याच्या उभारणीत ईश्वरदास वार्ष्णेय यांचा हात होता, आणि ते काचेचे शिक्षण घ्यायला जपानला जाऊन आलेले होते. ज्या देशाने तीसेक वर्षांपूर्वीच इंग्रज कारागिरांकडून धडे घेतले, त्याच्याकडून तळेगावने धडे घेतले. पुढे त्याच देशाचा माल आपल्या बाजारात आपल्या भट्ट्यांशी झगडला.

आता आमची फुलदाणी. तिच्यासारखी दुसरी मला सहा वर्षांनी एका परदेशी संग्राहकाकडच्या छायाचित्रांत सापडली. निळा रंग, वरचा जाड थर, तोंडाचा तोच ओढलेला पीळ; तळ, घासलेला खळगा, सगळे जुळले. पोटावर नखाएवढे चंदेरी लेबल शाबूत होते. मी छायाचित्र मोठे करून वाचले. त्यावर इतकेच होते: ‘मेड इन जपान’. भट्टीचे नाव नव्हते, कारागिराचे तर नव्हतेच. लहानपणी मी खरवडून काढले ते हेच असेल, तर मी देश पुसला होता. माणूस त्या कागदावर कधी नव्हताच.

मी एका जाड कागदावर लिहिले: निळी फुलदाणी, जपान, फुंकून घडवलेली, पोंटिलचा व्रण घासलेला, थोरल्या काकांनी १९६४ मध्ये कोबे येथे विकत घेतली, लेबल घरी काढले गेले, कोणी काढले तेही. कागदाची घडी करून ती प्लॅस्टिकच्या पाकिटात घातली आणि पाकीट फुलदाणीच्या आत सोडले. मुलीला सांगून ठेवले आहे, की दिवाळीत ही धुताना आधी उपडी करून कागद बाहेर काढायचा, आणि पुसून कोरडी झाली की परत आत ठेवायचा.